मान फिरवून उचललेला दाणा

पोत्यात हात घालताना नामदेवतात्या मान फिरवायचे. बियाणे तपासायला आलेलं पोतं समोर उघडं असायचं आणि हे आपले खिडकीतून बाहेरच्या लिंबाकडे बघत मूठभर दाणे काढायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना मानेचा काही त्रास असावा. तसं मी विचारलंही. तात्या गंभीरपणे म्हणाले, "डोळा लबाड असतो, सुमे. त्याला बघू दिलं की टपोराच दाना उचलतो. मग अहवाल खोटा हुतो."

देवळाली प्रवरेला आमच्या घरापासून चार घरं टाकून बियाणे तपासणीची एक खोली होती. तात्या तिथे मदतनीस होते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उलगडून किती उगवले ते लिहायचं, हे त्यांचं काम. बारा वर्षं ते हेच करत होते. मोजणी त्यांची, अक्षर त्यांचं, पण अहवालाखाली सही तालुक्याच्या साहेबांची. साहेब शेतकीचे पदवीधर होते. "साहेबानं गोनपाटाला हात लावलेला मी पाहिला न्हाई," तात्या म्हणायचे, "पन सही लई झोकात करतात." ते हसत म्हणायचे, तरी ही गोष्ट त्यांना लागलेली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी नुकतीच अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले होते. बेलापूरचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं आणि त्यांना मी पसंत होते. शेतकीच्या पदवीसाठी प्रवेशपरीक्षा असते आणि आपल्या तालुक्याला त्यात एक जागा आहे, हे मी शाळेतल्या बाईंकडून ऐकलं आणि दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागे लागले. दादा वाईट नव्हते. ते म्हणाले, "जागा मिळाली तर शीक. न्हाई मिळाली तर पुन्हा विषय काढायचा न्हाई, वैशाखात उरकून टाकू." त्यांनी शब्द दिला होता आणि ते तो पाळणार होते, दोन्ही बाजूंनी.

परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत गणिताखाली 'संभाव्यता' असा एक शब्द होता. शाळेत आम्हाला तो कुणी शिकवला नव्हता. गणिताच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी नव्हतं. शेवटी मी ती पुस्तिका घेऊन तात्यांकडे गेले, कारण एका प्रशिक्षणात त्यांनी उतरवून घेतलेली एक वही होती आणि ते ती जपून ठेवायचे.

तात्यांनी वही उघडलीच नाही. त्यांनी मक्याचे दाणे पुढ्यात ओतले. "शंभरातले ऐंशी उगवतात. मग एक दाना न उगवायची शक्यता किती?"

"पाचात एक."

"आता तुझा बाप टोकन करताना एका खड्ड्यात दाने किती टाकतो?"

"दोन."

"दोनी न उगवायची?"

मी दोन पंचमांश म्हणाले. बेरीज केली होती. तात्यांनी मला अंगणात नेलं, काडीने मातीत पंचवीस खड्डे केले आणि प्रत्येकात दोन-दोन दाणे टाकले. "तुझ्या हिशोबानं यातले धा मोकळे ऱ्हातील. असं रान तू कधी पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. पाचात एक, त्यातलेही पाचात एक, म्हणजे पंचविसात एक. गुणाकार असा माझ्या डोक्यात शिरला तो कायमचा. मग त्यांनी उलटं करून दाखवलं: एकातून ते वजा केलं की निदान एक तरी उगवायची शक्यता. "म्हनून तर दोन टाकत्यात. तुझ्या बापाला संभाव्यता येते, फक्त तिचं नाव म्हाईत न्हाई."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तात्या ती पुस्तिका चाळत असताना मध्येच थांबले. एका पानावर लिहिलं होतं की बियाणे खात्यातल्या नोकरांनाही वयाची तिशी उलटण्याआधी परीक्षेला बसता येईल. तात्यांना तिसावं सरत आलेलं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, पुस्तिका मिटून मला परत दिली आणि म्हणाले, "फारम कुठं मिळतो गं?"

तेव्हापासून आम्ही दोघं बरोबरच अभ्यास करू लागलो. जागा एकच आहे, हे दोघांनाही माहीत होतं. दुसरा कुणी असता तर हातचं राखून शिकवलं असतं. तात्यांनी तसं केलं नाही. उलट माझं चुकलं की त्यांनाच चैन पडत नसे. पोत्यातून एकामागून एक दोन दाणे काढले तर काय, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी दोन्ही वेळा तोच अपूर्णांक लिहायची. "अगं, उचललेला दाना परत पोत्यात जात न्हाई," ते वैतागून म्हणायचे. "धाचे नऊ ऱ्हायले. पोतं बदललं."

एकदा मी सहज म्हणाले, "तात्या, आपण दोघं बसलो म्हणजे निदान एकाला तरी मिळेल."

"मिळंल की. एका खड्ड्यात दोन दाने." त्यांनी पुढ्यातला एक दाणा बाजूला सारला. "पन दोनी उगवले तर इरळनीला एक उपटावा लागतो, ते इसरू नको."

परीक्षेत तोच प्रश्न आला. दहा बिया, तीन पोकळ, लागोपाठ दोन काढल्या, दोन्ही चांगल्या निघण्याची शक्यता किती? घाईत मी सात दशांशाचा वर्ग केला. बाहेर आल्यावर तात्यांनी विचारलं, मी उत्तर सांगितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचं बरोबर आलं होतं, पण आनंद काही दिसला नाही.

यादी लागली. पहिले नामदेवतात्या, दुसरी मी, दोन गुणांनी खाली. पहिला सोमवारी हजर झाला नाही तर दुसऱ्याला घेतील, असं खाली लिहिलं होतं. दादांनी त्याच दिवशी बेलापूरला निरोप धाडायची तयारी केली.

शनिवारी दुपारी तात्यांनी मला खोलीत बोलावलं. समोर पोतं उघडं होतं. ते म्हणाले, "तुझ्या बापानं सांगितलं मला बेलापूरचं." मग पोत्यात हात घातला, मान खिडकीकडे फिरवली आणि तसंच लिंबाकडे बघत विचारलं, "बोल सुमे. सोमवारी जाऊ का मी?"

मला 'जा' म्हणायचं होतं. न्यायाने तेच उत्तर होतं, जागा त्यांची होती, आणि पुढच्या वर्षी त्यांना बसता येणार नव्हतं. मला पुढच्या वर्षी बसता आलं असतं, पण बेलापूरहून कोण पाठवणार होतं? मी गोणपाटाचे धागे ओढत उभी राहिले. तात्यांनी हात बाहेर काढला, दाणे मोजायला घेतले आणि म्हणाले, "जा घरी. ऊन लई हाय."

सोमवारी ते गेले नाहीत. मंगळवारी मला बोलावणं आलं.

मी पदवी घेतली आणि पुढे खात्यातच लागले. काही वर्षांनी माझी बदली आमच्याच तालुक्यात झाली. त्या खोलीतून अहवाल माझ्या टेबलावर यायचे. तेच गोल अक्षर, तीच मोजणी, आणि खाली सहीसाठी सोडलेली मोकळी जागा. तिथे मी सही करायची. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणाले, तात्या, तुम्हीही खाली सही करत जा. ते म्हणाले, "नियमात बसत न्हाई, बाईसाहेब." ते मला बाईसाहेब म्हणायचे ते फक्त चारचौघांत, पण माझ्या ते जिव्हारी लागायचं. माफी मागायला मी त्या खोलीपर्यंत किती वेळा गेले असेन, आणि दर वेळी उगवणीच्या गप्पा मारून परत आले.

निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत तात्या गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं. मग त्या म्हणाल्या, "मी यास्नी लई डाव विचारलं. म्हनलं, तुमी पोरीला बोलावून विचारलं, मग ती काय म्हनली? दर डावाला एकच सांगायचे. म्हनायचे, मी तिकडं लिंबाकडं बघत हुतो, ती काय म्हनली ते मला ऐकू आलं न्हाई."

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ऐकू येण्यासारखं मी काही बोललेच नव्हते. एवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं. मी तेही सांगितलं नाही.