अभ्रकाची चकती

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. झरीच्या विहारातला जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आला होता. हा वाजला न्हाई तर दुकान बंद करीन, असं मी बायकोपुढं बोलून बसलो.

नवे ट्रान्झिस्टर टाकले आन् आधी शंभर वॅटच्या बल्बातून करंट सोडला. बल्ब लखलखला, म्हणजे आत शॉर्ट.

डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "लावा कुलूप."

"गप बस गं!"

उघडून बघतो तर एका ट्रान्झिस्टरखाली, तो खालच्या पत्र्याला टेकू नये म्हणून घालतात ती अभ्रकाची चकती घालायची मीच विसरलो होतो. बायकोला हे अजून सांगितलं न्हाई. चकती घातली, बल्ब क्षणभर पेटून विझत आला आन् जोडलेला भोंगा खणखणीत वाजला.

"म्हणजे उद्या बी डबा लागणार," ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तासभर आधीच दुकान उघडलं.