खंडेनवमीचा डोझर

प्लास्टिकची यंत्रे जोडणे हा आपल्याकडे लहान मुलांचा खेळ समजला जातो. त्यामुळे चाळिशीकडे झुकलेला, सरकारी नोकरीतला, संसारी माणूस तेच करू लागला, तर त्याला काय म्हणावे हे कोणालाच कळत नाही. मला तर काही म्हणण्याची सोयच उरली नव्हती. हा माणूस माझा सख्खा मेहुणा, आणि पिंप्राळ्यात त्याच्या आणि आमच्या घराची भिंत एक. १९९१ चा सबंध पावसाळा त्या भिंतीपलीकडचा थिनरचा वास आमच्या देवघरापर्यंत येत होता. उदबत्तीने तो जात नसे, दोन्ही वास एकत्र होऊन डोके मात्र दुखे.

लीलाधर पाटबंधारे खात्याच्या जळगावच्या कचेरीत ट्रेसर होता. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे त्याचे काम. रेषा केसभर जाड झाली तरी ती ब्लेडने खरवडून पुन्हा काढणारा हा माणूस. अशा स्वभावाच्या माणसाने छंद जडवून घेऊ नये, कारण त्याच्या छंदाचा जाच घरच्यांना होतो, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे झुलाल आबा, धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात धरणाच्या कामावर डोझर चालवत. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी एकाच डोझरवर काढली. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ तो डोझरही भंगारात निघाला. लिलावाच्या दिवशी ओळखीच्यांनी निरोप पाठवला होता, पण आबा गेले नाहीत. पुढे ते लीलाधरकडे राहायला आले आणि ओट्यावर बसून राहू लागले. तक्रार नाही, गप्पा नाहीत. खंडेनवमीला मात्र त्यांच्याकडे पाहवत नसे. त्या दिवशी ज्याने त्याने आपले हत्यार पुजायचे. लीलाधर आपली पेने आणि कोन आखायचे गुण्ये पाटावर मांडी, त्याची बायको कमल शिलाईचे मशीन आणि विळी ठेवी. आबांना हाक मारली की ते म्हणत, "मनाकडे काय शे पुजाले?" म्हणजे माझ्याकडे काय आहे पुजायला, आणि उठून बाहेर जात.

हे लीलाधरच्या मनाला लागले होते. कचेरीच्या कामाने मुंबईला गेला असता तिथल्या एका दुकानात त्याला डोझरच्या सुट्या भागांचा जपानी खोका दिसला आणि तो घेऊनच तो परतला. मला त्याने सरळ सांगितले, "दाजी, या खंडेनवमीला आबांनी पाटासमोर बसायला पाहिजे. बघितल्याबरोबर म्हणायला पाहिजे, हे माझं मशीन. बाकी मला काही नको." इतकी साधी इच्छा पुरी होण्यासाठी किती माणसांना वेठीला धरावे लागते, हे मी नंतर पाहिले.

खोक्यातली गोंदाची नळी वाळून दगड झाली होती. जळगावात प्लास्टिक जोडायला काय मिळणार? पाइप जोडण्याचे सोल्यूशन. ते आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा मिळे, आणि ते आणायला मला पिटाळण्यात आले. त्या सोल्यूशनने चालकाच्या डोक्यावरचे छप्पर जोडले नाही, विरघळवले. लीलाधरने मग पाइपचा तुकडा कमलच्या स्टोव्हवर तापवून, पोळपाटाखाली दाबून सपाट केला आणि त्यातून नवे छप्पर कापले. कमलने तो पोळपाट पुन्हा स्वयंपाकात घेतला नाही. "दाजी," ती मला म्हणाली, "तुम्ही मास्तर, शिकले-सवरलेले, तुम्हीच समजावा. नाहीतर पोळ्या तुमच्याकडे लाटायला येते." समजावण्याचे हे काम दोन्ही घरांच्या वतीने माझ्याकडेच असे, आणि माझे कोणीही ऐकत नसे.

रंगाचे तर विचारू नये. बाजारातला रंगवाला एकच पिवळा दाखवी आणि हाच सगळ्या मशिनांना लावतात, असे शपथेवर सांगे. लीलाधरला तो लिंबाचा वाटे. त्याला पिकल्या केळाच्या सालीचा, उन्हाने थोडा उडालेला पिवळा हवा होता. शाळा सुटल्यावर मी रंगाच्या डब्या आणायच्या, त्याने त्या उजेडात धरून नाकाराव्यात, असे कितीतरी दिवस चालले. तरफांच्या मुठींसाठी त्याने टाचण्यांची डोकी कापली. दिव्यांच्या काचांसाठी माझ्या औषधाची पारदर्शक वेष्टणे नेली, तीही औषधे आत असताना.

एवढे करून भाद्रपदात तो डोझर उभा राहिला, आणि खोटे कशाला बोलू, सुरेख उभा राहिला. तळहातावर मावेल एवढा, पण चाकांवरच्या पट्ट्याची कडी न् कडी मोजून घ्यावी असा. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तर लीलाधर म्हणाला, "आता याला मळवायचं."

मी त्याच्याशी वाद घातला. इतक्या कष्टाने केलेली वस्तू घाण करण्यामागचे तर्कशास्त्र मला समजत नव्हते. तो म्हणाला, "नवा डोझर कोणाचाही असतो, दाजी. आबांचा मी पाहिलाय ना. सुट्टीत डबा घेऊन जायचो मी. चिखलानं असा माखलेला असायचा, की पिवळा रंग शोधावा लागायचा. तो चिखल नसला तर आबा ओळखतील कसे?" मग रजा टाकून, एस.टी.ने धुळ्याकडे जाऊन, त्याने धरणाखालची काळी माती रुमालात बांधून आणली. ती वस्त्रगाळ केली, वार्निशात कालवली आणि पट्ट्यांत भरली. पात्याच्या कडेला पेन्सिलीचे शिसे घासून झिजलेल्या लोखंडाची चमक आणली. बुटाच्या पॉलिशने गंज चढवला, काजळीने धुराड्याचे तोंड काळे केले, इंजिनाखाली गळक्या तेलाचा ओघळसुद्धा सोडला. डोझर पार जुनाट दिसू लागला. नवरात्र बसले तेव्हा तो फडक्याखाली झाकून कपाटावर होता आणि लीलाधर कचेरीत चुका करू लागला होता.

खंडेनवमीला सकाळीच पाट मांडला. मध्यभागी डोझर ठेवला, झेंडूचे फूल मात्र मुद्दाम बाजूला, चिखल झाकला जाऊ नये म्हणून. आबांना बोलावण्याचे काम अर्थातच माझ्यावर. ते आले, उभे राहिले, मग खाली बसले. लीलाधर दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"जवाईबापू," आबांनी मला विचारले, "हाई कोनं मशीन शे?"

"तुमचंच, आबा. लीलाधरनं केलंय."

आबांनी डोझर दोन्ही हातांनी उचलला. आता डोळ्यांना पाणी येईल, अशा अपेक्षेने मी तिकडे पाहू लागलो. ते उठले आणि सरळ मागच्या मोरीवर गेले. कमलने दिवाबत्तीसाठी ठेवलेला रॉकेलचा डबा त्यांनी ओढला, भांडी घासायचा जुना ब्रश घेतला, आणि मी पोचेपर्यंत पात्यावरचे शिसे, पॉलिश, महिनाभराची माती काळ्या पाण्यासारखी मोरीत वाहत होती.

मी जे बोललो ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. एवढे मात्र म्हणालो, की हा चिखल मुद्दाम लावलेला आहे, त्यामागे पोराचे कष्ट आहेत.

"मालूम शे," आबा मान वर न करता म्हणाले. "हाऊ दुपारले ये डबा लई. संध्याकायनं मशीन यानी कधी देखंच नही. धोयाबिगर मी कधी जेवाले बसनू नही, जवाईबापू. आनि खंडेनवमीले मनं मशीन असं मयेल पाटवर? बठ्ठा लोके काय म्हनतीन?"

म्हणजे रोज संध्याकाळी मशीन धुतल्याशिवाय हा माणूस जेवत नसे, आणि दुपारी डबा आणणाऱ्या पोराने फक्त चिखल पाहिला होता. मी लीलाधरकडे वळलो. निदान त्याने तरी संतापावे, ही माझी अपेक्षा रास्त होती. वास चार महिने मी सोसला, रंग मी आणले, औषधे माझी गेली. पण तो भलत्याच चेहऱ्याने बापाकडे पाहत होता. "'मनं' म्हणाले, दाजी. 'माझं' म्हणाले," तो मला हळूच म्हणाला, जणू मला अहिराणी समजत नाही. मग मोरीशी उकिडवा बसला आणि डब्यातले रॉकेल वाटीत ओतू लागला.

आबांनी त्याला पाते वर धरायला सांगितले. त्याने धरले. एक दिवा निघून मोरीत वाहून गेला. त्याचे दोघांनाही काही वाटले नाही, मीच सळई घेऊन तो शोधत राहिलो. रंगाचे पोपडे निघाले, इंजिनाची बाजू पांढरी पडली, आणि आबा त्या पांढऱ्या जागेवर बोट फिरवून, इथे उद्या रंगाचा हात मारावा लागेल, असे लीलाधरला बजावत होते. आत समईतले तेल संपत आले होते, नैवेद्याच्या पुरणावर माश्या बसू नयेत म्हणून कमल पदराने वारा घालत होती, माझी पुस्तके पुजायची राहिली होती. पण पट्ट्याच्या कड्यांमधली शेवटची माती निघाल्याशिवाय आबा नारळ फोडायला तयार नव्हते, आणि त्या कड्या लीलाधरने फारच बारीक कापल्या होत्या.