धुतलेली जामगी

आमच्या घरातली जामगी मी धुतली. साबण लावून, दगडावर आपटून, घट्ट पिळून वाळत घातली. नव्या सुनेला आपण किती कामाच्या आहोत हे दाखवायची हौस असतेच, मला ती जरा जास्त होती.

जामगी म्हणजे तोड्याच्या बंदुकीची वात, करंगळीएवढी जाड सुती दोरी. ती पेटवली की भडकत नाही आणि विझतही नाही, नुसती धुमसत राहते. डिचोलीजवळच्या आमच्या गावात दसऱ्याला देवाची तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले देवाचे खांब, देवळाबाहेर पडायची ती आमच्या बंदुकीचा बार झाल्यावरच. तो मान माझ्या सासऱ्यांच्या घराण्याचा. शेत खाणीच्या मातीखाली गेलं होतं, नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर खनिज ओढत होता आणि दसऱ्याच्या तोंडावर सासू गेली. सासऱ्यांकडे आपलं म्हणावं असं ही बंदूकच काय ती उरली होती. तीही गावातल्या काहींच्या डोळ्यांत खुपत होती. देवस्थानचे एक महाजन सुतकात दारात येऊन बजावून गेले, "औंदा बार जालो नाय तर गर्नालां लावतलंव. मगे दर वर्सा तींच." गर्नाल म्हणजे दारू ठासलेली लोखंडी नळी. काडी लावायला कोणीही चालतो.

जामगीचं सूत सासरे स्वतः निवडायचे. बाजारातून आणलेला धागा जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात धरून त्याला काडी लावायचे. टोकाला काळा मणी धरला, तर त्यात नायलॉन आहे म्हणून फेकून द्यायचे. पांढरी राख धरून ठिणगी हळूहळू सरकत राहिली, तर ते सूत चांगलं. काथ्या त्यांना चालत नसे, त्याची ठिणगी उडून दारूत पडते म्हणत. वळायचं काम मात्र सासूचं. दोरी सैल वळली तर भरभर जळते, घट्ट वळली तर गुदमरते, आणि मधला पीळ तिच्याच हाताला साधला होता. मग सोऱ्याच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात त्या खाराच्या, कोमट पाण्यात दिवसभर भिजवायची आणि आठवडाभर सावलीत वाळवायची. त्या खारामुळेच ती धुमसते. हे सगळं मला कळलं ते धुऊन झाल्यावर.

सुतक फिटलं तो दिवस खंडेनवमीच्या आदला. त्या दिवशी घरातलं होतं नव्हतं ते धुवायचा रिवाज. कपडे, गोधड्या, केरसुणीचा दांडासुद्धा मी सोडला नाही. दांडीवर ती दोरी लोंबत होती, हाताला खरखरीत लागत होती आणि तिला कसलासा आंबट वास येत होता. उद्या हत्यारांची पूजा, त्यात विटाळाची दोरी कशी ठेवायची, असं माझ्या डोक्यात आलं.

नवमीला सकाळी सासऱ्यांनी बंदूक पाटावर ठेवली आणि जामगी हातात घेतली. नाकाशी नेली, मग जिभेला लावून पाहिली. मी दारात उभी होते.

"ही कोणे धुयली गे?"

"मी, बाबा. सुतकाची म्हणून."

ते कदेलीवर, आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. दोरीवरून हात फिरवला. "तिने वळलेली शेवटची ही," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

डब्याच्या बुडाशी चिमूटभर सोरा उरला होता. मी डिचोलीला धावले. दुकानदार म्हणाला, परवान्याचा कागद असलेला माणूस पाठवा आणि दसऱ्यानंतर पाठवा. राखेतही खार असतो म्हणून परत येऊन मी चुलीतली राख चाळली, पाण्यात उकळली, गाळली, त्यात तो चिमूटभर सोरा घातला आणि दोरी बुडवली. दुपारपासून पाऊस लागला. संध्याकाळी दोरी बाहेर काढून चुलीजवळ धरली, तर एका टोकाने अशी भडकली की हातभर दोरी माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी रडायलाच लागले. सासरे म्हणाले, "चुलीर नाका. आंगार बांद."

उरलेली जामगी मी लुगड्याखाली कमरेला गुंडाळली. त्या खाराने कातडी जळजळत होती, पण मी ती दसऱ्याच्या दुपारपर्यंत सोडली नाही. स्वयंपाक केला, विहिरीवरून पाणी आणलं आणि देवाला सारखी विनवत राहिले, की बाबा, माझं काय करायचं ते कर, पण एवढा एक बार होऊ दे.

देवळासमोर सासऱ्यांनी जामगी पेटवली. टोक लाल झालं, धूर निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी ती घोड्यात अडकवली, बंदुकीच्या कानात रंजकाची दारू घातली. आत तरंगं उभी होती, ढोल थांबले होते. घोडा खाली आला, टोक दारूत टेकलं आणि काहीच झालं नाही. दोरी ओलसर जागी येऊन विझली होती. त्यांनी फुंकून पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही तेच.

मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "घरातलां सुतक फिटूंक नाय हेंच्या. मेलेली आडवी इली."

सासरे गर्रकन वळले. "तिचां नाव काढूं नका. खार घालूक मीच इसारलंय. चूक माझी."

उभ्या जन्मात जो माणूस खार विसरला नव्हता, तो भर गावासमोर असं म्हणाला. एकदोघे हसले. म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही, असंही कोणी बोललं. मी बायकांच्या घोळक्यात दहा पावलांवर होते, कमरेवरचे दोरीचे वळ अजून जळत होते. "मी धुतली," एवढं म्हणायचं होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दामच पाहिलं नाही, आणि मी ते सोयीचं मानून घेतलं.

महाजनांनी हात वर केला. गर्नाल उडाली, तरंगं बाहेर पडली. सगळ्यांनी हात जोडले, तसे मीही जोडले.