डोळ्यांवर पट्टी आणि बारा ठोकळे

दवाखान्याच्या धुलाईखात्यातल्या मुकादमबाईंना सगळ्याजणी पाठीमागे 'आटपाबाई' म्हणायच्या. सकाळी सातला दारात उभ्या राहून त्या जे "आटपा गं, आटपा!" सुरू करायच्या, ते थेट पाळी सुटेपर्यंत. बाईंना निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली. तरी त्या लांबलचक खोलीची आठवण निघाली की नाकात गरम चादरींचा वास भरतो आणि हातातलं काम हातातच राहतं. सगळ्यात जास्त आठवतो तो प्रशिक्षणाचा दिवस.

वरून हुकूम आला होता, धुलाई आणि भांडार या दोन्ही खात्यांनी सभागृहात जमायचं. "तीस वर्षं चादरी धुतोय, आता आम्हाला कोण शिकवणार?" असं पुटपुटतच बाई गेल्या. शिकवायला आलेली पोर जेमतेम त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने पिशवीतून लाकडी ठोकळे टेबलावर ओतले. तिघांचा गट करायचा. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून, डाव्या हाताने ठोकळ्यावर ठोकळा रचायचा. दुसरा साहेब, त्याने सूचना द्यायच्या. तिसऱ्याने नुसतं मोजायचं. आणि मनोरा किती ठोकळ्यांचा होणार, ते आधीच सांगून टाकायचं.

चिठ्ठ्या टाकल्या, तर पट्टी नेमकी बाईंच्या वाट्याला. साहेब झाले भांडारवाले, आणि मोजायला अबोली. अबोली म्हणजे घडीच्या टेबलावरची बाई. बावीस वर्षं चादरीचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं बाईंच्या. पण दिवसाकाठी चार शब्द बोलली तर शपथ. म्हणून तिचं नाव अबोली पडलेलं.

"वीस!" भांडारवाल्यांनी जाहीर केलं. बाईंना कोणी विचारलंसुद्धा नाही.

"डावीकडे! अहो, डावीकडे म्हणतोय! आता खाली. एवढं नाही हो! आटपा, आटपा, वेळ चाललाय!"

'आटपा' ऐकून धुलाईच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हात आपला, पण त्याचा मालक भलताच कोणीतरी, असं बाईंना झालं. सहाव्या ठोकळ्याला मनोरा धाडकन कोसळला. पट्टीच्या आत डोळे ओले झाले. बरं झालं, कोणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या फेरीला त्या पोरीने अदलाबदल केली. अबोली साहेब झाली.

"बाई," अबोली हळूच म्हणाली, "तुम्हाला किती जमतील असं वाटतं?"

बाई म्हणाल्या, "आठ."

"दहा म्हणू या का? बघू, जमलं तर जमलं."

"बरं. दहा."

अबोलीने आधी एक ठोकळा त्यांच्या तळहातावर ठेवला. "कड चाचपून घ्या. घाई नाही." मग अधूनमधून एवढंच, "जरा इकडे... बास." दहावा बसला तशी ती म्हणाली, "झाले दहा. थांबायचं की अजून?"

"आण अजून!"

बारा झाले. तेरावा ठेवताना सगळं कोसळलं, पण टाळ्या तोवर सुरू झाल्या होत्या.

"कसं वाटलं?" त्या पोरीने विचारलं.

बाईंनी पट्टी काढून डोळे चोळले. "पहिल्यांदा पडला तो साहेबांचा मनोरा होता. हा पडला तो माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी टेबलापाशी उभं राहून विचारलं, "आज किती चादरी होतील गं?" सगळ्या चपापल्या. एक म्हणाली, "बाई, बरं नाही का वाटत?" मग भीतभीत सगळ्यांनी कमीचेच आकडे सांगितले. झालं, चार दिवसांत वॉर्डात चादरी अपुऱ्या पडल्या आणि मोठ्या सिस्टर तणतणत आल्या. भांडारवाले दारातून डोकावून म्हणाले, "काय बाई, शाळा कशी चाललीय?"

बाईंच्या जिभेवर 'आटपा' आलंच होतं. अबोलीने चादरीचं टोक ओढून त्यांना थांबवलं. "घाबरून कमी सांगतायत. थोडे दिवस जाऊ द्या."

दिवस गेले. आकडे आपसूक वाढले, बायका एकमेकींशी पैज लावायला लागल्या. एका नव्या पोरीने हौसेने भलताच आकडा सांगितला आणि तोंडघशी पडली. तिच्याशेजारी बाई आठवडाभर उभ्या राहून कोपऱ्याला कोपरा जुळवायला शिकवत होत्या. नवखीला नुसतं विचारून भागत नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. आणि पाण्याचा मोठा पाइप फुटला, त्या दिवशी तर कोणालाच काही न विचारता बाईंनी 'आटपा, आटपा' करत खोली दणाणून सोडली. चादरींचे गठ्ठे भिजता भिजता वाचले. नंतर ओल्या पायांनी चहा पिताना एकजण म्हणाली, "आज जुन्या बाई भेटल्या गं!"

आता दवाखान्याची धुलाई बाहेर जाते. त्या खोलीत जुन्या फायली रचल्यात म्हणे. बाई तिकडे फिरकत नाहीत. अबोली मात्र महिन्या-दोन महिन्यांनी येते. गेल्या खेपेला बाईंनी तिला विचारलं, "तुला माणसांकडून काम करून घेणं इतकं कळत होतं, तर बावीस वर्षांत मला एकदा तरी सांगायचंस!"

अबोली बशीतला चहा संपवून म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

बाईंनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग बसची वेळ झाली, म्हणून तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेल्या, आणि बस वळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.