बाहेरगावच्या सभासद भागीबाई

आमचं गाव द्राक्षांचं. नाशिकहून ओझरच्या बाजूला आलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडवच मांडव दिसतात, त्यातलंच एक. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातून मजुरांच्या टोळ्या उतरतात, बागांच्या बांधावर झोपड्या घालतात आणि रोहिण्या बरसायच्या आधी परत जातात. या टोळ्यांशिवाय आमच्या गावची एक पेटी बाजारात जाणार नाही. पण गावाशी त्यांचा संबंध किराणा दुकान आणि दवाखाना एवढाच. वाचनालयाची पायरी त्यांच्यापैकी कुणी चढेल असं आम्हाला कधी वाटलंही नव्हतं.

भागीबाई चढल्या. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, बाजारच्या दिवशी. मी तेव्हा ग्रंथपाल होते. आमच्याकडे खालच्या खोलीत वर्तमानपत्रं वाचायला कुणीही बसू शकतं, त्याला वर्गणी लागत नाही. दारात चपला काढून एक बाई आत आली. तिशीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत, हातांवर मोरचुदाची निळी झाक. बाकावरच्या माणसांनी वर पाहिलं. ती सरळ टेबलाशी गेली, एक पेपर उचलला आणि खिडकीजवळ बसून बोट फिरवत वाचू लागली. तासाभरानं पेपराची नीट घडी घालून निघाली. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर.

आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. पुढे लग्न झालं, चंदर नावाचा शांत नवरा मिळाला, रोशनी नावाची मुलगी झाली, आणि वाचन सुटलं. "सुटलं म्हंजे पुस्तकंच नव्हती वो," त्यांनी मला नंतर सांगितलं. "किराणा बांधून आलेला कागद वाचायचे. गोष्ट निम्मीच असायची. पुढं काय झालं ते वाण्याला ठाऊक!"

महिन्याभरानं त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, कपाटातलं पुस्तक घरी न्यायला काय करावं लागतं?"

"सभासद व्हावं लागतं. रेशनकार्ड कुठलं तुमचं?"

"तिकडचं. पेठच्या पल्याडचं."

मला सांगणं भाग होतं. त्याच वर्षी कार्यकारिणीनं ठराव केला होता की गावात रेशनकार्ड नसलेल्याला बाहेरगावचा सभासद धरायचं आणि त्याच्याकडून वर्गणी आणि अनामत दोन्ही दुप्पट घ्यायच्या. ठराव वाईट हेतूनं झाला नव्हता. भाड्याच्या खोल्यांतली, बदलीवर येणारी-जाणारी माणसं पुस्तकं घेऊन गेली ती गेलीच होती, आणि गावचे सभासद कुरकुरत होते. पण ठराव करताना कुणाच्या डोळ्यांसमोर भागीबाई नव्हत्या.

"म्हंजे मी बाहेरची," त्या म्हणाल्या. रागानं नाही, समजून घेतल्यासारखं.

वाचनालयाचे अध्यक्ष सावळीरामअण्णा तिथेच बसले होते. गावातले मोठे बागाईतदार. योगायोगानं भागीबाईंची टोळी त्यांच्याच बागेत उतरलेली. अण्णा दिलदार माणूस. ते म्हणाले, "अगं भागी, दुप्पट कशाला भरतेस? माझ्या नावावर घेऊन जा पुस्तकं. मी सांगतो छायाबाईंना." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

भागीबाईंनी मान हलवली. "नाय अण्णा. तुमच्या नावावर नेलं तर ते तुमचं पुस्तक. मी नुसती वाहून न्हेणार. माझ्या नावावर पाहिजे."

"दुप्पट पडेल."

"पडू द्या. बाहेरची हाय तर हाय."

पुढच्या बाजाराला त्यांनी दुप्पट वर्गणी भरली. मी पावती लिहिली आणि त्यांनी ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचली, पूर्ण नावासकट. त्या दिवशी त्यांनी नेलं ते एका राणीचं चरित्र. आठ दिवसांनी परत आणलं तेव्हा त्याला खताच्या पिशवीच्या आतल्या कागदाचं कव्हर होतं. "चुलीजवळ वाचतो ना आमी, काजळी बसते," म्हणाल्या.

"आमी?"

"मी वाचते. बाकीच्या ऐकतात. भाकरी थापता थापता."

मी एकदा मुद्दाम संध्याकाळी अण्णांच्या बागेकडे गेले. झोपड्यांपुढे तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. भागीबाई पालथ्या पाटीवर बसून वाचत होत्या, रोशनी कंदील धरून होती. एका म्हातारीनं, शकुबाईनं, मध्येच भाकरी तव्यावर तशीच ठेवून विचारलं, "मंग राणीनं काय केलं?" भाकरी करपली, पण कुणी चुलीकडे पाहिलं नाही. मीही उभ्यानंच ऐकत राहिले. वीस वर्षं पुस्तकांत काढली होती मी. पण पुस्तकाला असे भुकेले कान देणारं कुणी मी पाहिलं नव्हतं.

एप्रिल संपत आला तसा प्रश्न उभा राहिला. टोळी परत जायची वेळ झाली आणि भागीबाई माझ्याकडे रिकामी पिशवी घेऊन आल्या.

"बाई, वर्गणी वर्षाची भरली ना मी?"

"हो."

"मग पावसाळ्याची पुस्तकं द्या. आमच्याकडं चार महिने दुसरं काय नसतं. पाऊस न् शेत, शेत न् पाऊस."

बाहेरगावच्या सभासदानं पुस्तक पंधरा दिवसांत परत केलंच पाहिजे, असं ठरावात होतं. मी विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. नकार आला. डोंगरात नेलेली पुस्तकं भिजणार, वाळवी लागणार, कोण आणायला जाणार? अण्णाही म्हणाले, "छायाबाई, मला ती बाई आवडते, पण नियम म्हणजे नियम." भागीबाईंना ते स्वतःच सांगायला गेले. "तुला बदल हवा असेल तर सर्वसाधारण सभेत मांड. सभासद आहेस, हक्क आहे तुझा."

"सभा कधी असते?"

"श्रावणात."

अण्णांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, की श्रावणात डोंगरात भाताची आवणी चालू असते. चिखलातून पाय निघत नाही, रोपं लावायची राहिली तर वर्षाचं भात गेलं. भागीबाईंनी रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली आणि टोळीबरोबर गेल्या.

श्रावणातल्या त्या रविवारी पाऊस झोडपत होता. सभेला नेहमीचेच लोक. अहवाल वाचून झाला, जमाखर्च मंजूर झाला, चहा आला. आयत्या वेळचे विषय असं अण्णांनी म्हटलं, आणि दारातून आवाज आला, "माझा हाय."

भागीबाई. इरलं दाराबाहेर टेकवलेलं, लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओलं, टाचांना लाल माती. पहाटेच्या पहिल्या गाडीनं पेठ, तिथून नाशिक, तिथून आमचं गाव. नियमाप्रमाणे मी सगळ्या सभासदांना टपालानं सभेची नोटीस पाठवली होती, ती मिळताच आवणी अर्ध्यावर टाकून आल्या होत्या. चंदरनं शेत सांभाळलं होतं.

त्यांना पुढे बोलावलं. एका सभासदानं कुजबुजून विचारलं, ही कोण? मी म्हटलं, "वर्गणीदार सभासद आहेत. बोलू द्या."

आधी आवाज बारीक होता. मग सापडला.

"मी फी माफ करा म्हणाया आले नाय," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणले बाहेरची, मी दुप्पट भरली. पण एक इचारते. सहा महिने मी इथं ऱ्हाते. घड विरळते, तोडते, पेटी भरते. पेटीवर तुमच्या गावाचं नाव छापलेलं असतं. म्हंजे माझ्या हातचं काम गावचं, आन् मी तेवढी बाहेरची, असं कसं?"

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"जेवढे महिने इथं ऱ्हाते तेवढ्या महिन्यांची वर्गणी गावाच्या दरानं घ्या. उरलेले महिने घरी जाते, तेव्हा एक पिशवी पुस्तकं न्हेऊ द्या. अनामत तुमच्याकडंच हाय."

मागून एक व्यापारी म्हणाला, "डोंगरात पुस्तकं भिजून लगदा होईल. मग अनामतीचं काय लोणचं घालायचं?"

काहीजण हसले. भागीबाईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"दादा, आमी वरीसभराचं भात त्याच पावसात सुकं ठेवतो. भात ठेवता येतं त्याला पुस्तक ठेवता येणार नाय?"

आता हसू थांबलं. पहिला हात वर गेला तो आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या नाथा गुरुजींचा. मग चार, मग दहा. त्या व्यापाऱ्यानंही, जरा इकडेतिकडे पाहून, हात वर केला. अण्णांनी शेवटी हात वर केला आणि अध्यक्ष म्हणून ठराव स्वतः सांगितला: गावात कामानिमित्त ठरावीक काळ राहणाऱ्या कुणालाही 'हंगामी सभासद' होता येईल, वर्गणी गावच्याच दरानं, मुक्कामाच्या महिन्यांपुरती, आणि परत जाताना अनामतीवर हंगामी सभासदाला पुस्तकं नेता येतील. बाकी बाहेरगावकरांना जुनाच नियम. शब्द अण्णांचे होते, पण बोलताना ते भागीबाईंकडे बघत होते, बरोबर ना, असं विचारल्यासारखे.

अण्णांच्या घरी जेवायला थांबा, असं सगळ्यांनी सांगितलं. "आवणी ऱ्हायलीय," म्हणत भागीबाईंनी पिशवी पुढे केली. मी कपाटांपुढे उभी राहून पुस्तकं काढून दिली, त्यांनी एकेक पारखून घेतलं, दोन परत ठेवली. "ही पातळ हायेत." फवारणीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, इरल्याखाली धरून त्या दुपारच्या गाडीला गेल्या. खिडकीतून मी बघत होते. माझ्या नोकरीत मला इतकं ताठ मानेनं चालावंसं कधी वाटलं नव्हतं, आणि मी तर जागची हललेही नव्हते.

दिवाळीनंतर सगळी पुस्तकं परत आली. त्यांना धुराचा आणि नव्या भाताचा वास होता.

पुढची वर्षं अशीच गेली. एका वर्षी एका पुस्तकाला वाळवी लागली. भागीबाईंनी ते लपवलं नाही की कारणं दिली नाहीत. खाल्लेलं पुस्तक टेबलावर ठेवलं, शेजारी नाशिकहून विकत आणलेली तीच कोरी प्रत ठेवली, आणि म्हणाल्या, "वाळवीलाबी गोष्ट आवडली." हळूहळू टोळीतल्या आणखी बायका, दोन-तीन पुरुष सभासद झाले. शकुबाईला अक्षर येत नव्हतं, तरी तिनं वर्गणी भरली. "वाचायला भागी हाय. पण पुस्तक माझ्याबी नावावर पाहिजे." रोशनी नाशिकच्या वसतिगृहात राहून बारावी झाली, मग परिचारिकेचं शिक्षण घेऊन पेठला नोकरीला लागली. ते सगळं पुस्तकांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. भागीबाईही म्हणत नाहीत. पोरगी मुळातच हुशार होती.

दोन हजार पाच साली त्यांच्या पाड्याखालच्या ओढ्यावर बंधारा झाला. पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकू लागलं. भातामागून हरभरा, मग थोडा भाजीपाला. त्या वर्षी दिवाळी झाली, टोळ्या उतरल्या, पण भागीबाईंची झोपडी अण्णांच्या बांधावर उभी राहिली नाही. मला आनंद झाला आणि जरा रितंही वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास त्या आल्या. पायांत चप्पल, नीट नेसलेली साडी, हातात पुस्तकांची पिशवी. मला वाटलं, सभासदत्व बंद करायला आल्या असतील. अनामतीची रक्कम काढायला मी खण उघडला.

"ऱ्हाऊ द्या ती," त्या म्हणाल्या. "वर्षाची वर्गणी घ्या. दुप्पट."

"दुप्पट कशाला? तुम्ही हंगामी सभासद."

"हंगामी कशी? आता मी इथं कामाला येत नाय. माझं घर, माझं शेत तिकडं. आता मी खरी बाहेरगावची."

अण्णा आता थकले होते, काठी टेकत यायचे, पण रोजची बैठक चुकवत नसत. ते म्हणाले, "भागीबाई, तो ठराव तुमच्यामुळं झाला. तुम्हाला कोण दुप्पट मागणार? राहू द्या हंगामीतच."

अण्णांच्या तोंडून 'भागीबाई' आणि 'तुम्ही' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"ठराव सगळ्यांसाठी झाला ना अण्णा?" त्या म्हणाल्या. "मग मी कशाला वाकवू? तवा हक्काचं होतं म्हणून भांडले. आता हक्काचं नाय. आता माझ्या शेतातल्या पैशानं भरते, आन् नियमापरमाणं पंधरा दिवसांनी पुस्तकं परत आणते. घ्या."

अण्णा काठीवर जोर देऊन उठले, स्वतः किटलीतला चहा ओतला आणि कप त्यांच्या हातात दिला. मी पावती केली. बाहेरगावच्या सभासद, भागीबाई चंदर. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

मी निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी मला पाड्यावर बोलावलं. जूनचा पहिला आठवडा होता. रोशनी पेठला गाडीवर घ्यायला आली. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, आणि मधल्या भिंतीला जमिनीपासून चांगली उंच एक फळी, तिच्यावर त्या पंधरवड्याची, आमच्या वाचनालयाच्या शिक्क्याची पुस्तकं. चंदर म्हणाला, "आधी फळी ठोकली, मग आमची खाट केली!" नागलीची भाकरी, तिकडे भुजं म्हणतात ते उडदाचं कालवण आणि ओल्या मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. संध्याकाळी पाड्यावरच्या बायका बियाणं निवडायला अंगणात जमल्या. भागीबाईंनी वाचलं. आता त्या बोट फिरवत नव्हत्या. डोळे ओळीच्या पुढे धावत होते आणि आवाज मागून निवांत येत होता.

दुसऱ्या दिवशी मला गाडीला पोचवायला त्या फाट्यापर्यंत आल्या. डोंगरावर ढग उतरले होते.

"नवीन बाई कशा हायेत वाचनालयातल्या?" त्यांनी विचारलं.

"चांगल्या आहेत. तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय."

"माझ्याबद्दल काय सांगायचं नाय. एवढंच सांगा, की पुढच्या आठवड्यात येते. जाड पुस्तकं काढून ठेवा म्हणावं. औंदा पाऊस मोठा हाय."