देण्याची की नेसण्याची

गोंदियाच्या बाजारात साडीच्या दुकानात शिरलं की गादीवरचा माणूस आधी एकच विचारतो, "भाभीजी, देने-लेने की दिखाऊँ या पहनने की?" देण्याघेण्याची म्हणजे आहेराची. ती घडी न मोडता या घरातून त्या घरात फिरते, आणि फिरता फिरता आपलीच आपल्याकडे परतही येते. नेसण्याची वेगळी. गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्यातल्या आमच्या घरात सासूबाईंची एक पेटी देण्याघेण्याच्या साड्यांनी गच्च भरलेली आहे. माझ्या कपाटात नेसण्याच्या, म्हणजे चार लोकांत नेसता येतील अशा, दोनच आहेत. त्यातली मोरपंखी तर सगळ्या सोयऱ्यांना तोंडपाठ झाली आहे.

नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मला त्या मोरपंखीचा संताप येऊ लागला. पूर्वी एकच साडी दहा लग्नांत चालून जायची. आता प्रत्येक लग्नाचे फोटो मोबाईलवर कायमचे राहतात. मागच्या लग्नाच्या फोटोखाली एकीने हसण्याचं चिन्ह टाकून लिहिलं होतं, "हीच साडी पुन्हा!" मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, दिवसभर लोकांची बोलणी खाते. पण ती ओळ मला लागली, अगदी खोल लागली.

ऑफिसातल्या एका तरुण बाईंनी मग भाड्याच्या कपड्यांचं एक अ‍ॅप दाखवलं. महिन्याची फी भरायची, साड्या घरी येतात, नेसायच्या आणि त्यांच्याच पिशवीत घालून परत पाठवायच्या. फी माझ्या स्कूटीच्या महिन्याच्या पेट्रोलएवढी होती. पहिला महिना अर्ध्या पैशांत, आवडलं तर पुढे वर्षाचं घ्यायचं. वर्षभर पैसे भरून कपाटात एक चिंधीही उरणार नाही, हे मनाला पटेना. दुसरीकडे, पेटीभर साड्या उरूनही मी काय नेसते आहे, हेही दिसत होतं. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, तुझं तू पाहा. आमच्या घरी याला पाठिंबा म्हणतात.

मी एक महिना घेऊन पाहायचं ठरवलं. लग्नाच्या पाच दिवस आधी साडी आली. मधाच्या रंगाची, जरीचे बारीक बुट्टे, हातात घेतली तर जड. मी ती दार लावून अंगावर धरून पाहिली आणि आरशासमोर एकटीच हसले. मग घडी जशीच्या तशी करून कपाटात ठेवली. सासूबाईंना सांगितलं नाही. भाड्याची साडी म्हटलं असतं तर त्यांनी गावभर विचारलं असतं, की पगार बंद झाला का.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना सासूबाईंच्या भावाची नात घरी आली. सालेकसा तालुक्यातली, सातवा महिना, सोनोग्राफीसाठी गोंदियाला आली होती. पोटुशी पोर दारात आली की रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ओसरीवर तांदळाचे चार दाणे सांडलेले होते. सासूबाई अ‍ॅपची ती चेनची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालत होत्या. लय मजबूत आहे, भाजीला होईल, असं त्यांनी मला सांगितलं.

मी धावत कपाटाशी गेले. साडीची जागा रिकामी होती.

बाहेर येऊन मी एवढंच म्हणाले, "आई, ती साडी..." पुढचे शब्द तोंडातच होते. आपली नव्हती, परत द्यायची होती. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी थांबले.

"जलमभर साऱ्याइले देन्याघेन्याचीच देलो," त्या म्हणाल्या. "एक खेप तरी नेसाची देवाव म्हनलो. तुयी हाये म्हनून हक्कानं घेतलो."

ओटीत घातलेलं परत मागत नाहीत. मागायला तोंड कुठून आणणार होते? त्या रात्री मला स्वतःचाच राग आला, त्यांचा येईना, आणि रागावायला कोणी नाही याचाही राग आला. अ‍ॅपवर एक बटण होतं, साडी आवडली असेल तर कायमची ठेवून घ्या. मी ते दाबलं. त्या पैशांत वर्षाची फी भरून वर काही उरलं असतं. वर्षाचं घ्यायचं की नाही हा प्रश्न तिथेच संपला. नवऱ्याने विचारलं, मग परवडलं का?

लग्नात मी मोरपंखीच नेसले. ती पोर आली मधाच्या रंगाची साडी नेसून, पोटावर हात ठेवून हळूहळू चालत. इतकी सुंदर दिसत होती की माझा हेवाही धड टिकला नाही. पंगतीत नणंद माझ्याशेजारी बसली आणि चार बायांसमोर बोललीच, "वहिनी, तिले अशी साडी देली अन् तू हेच नेसून आली काऊन?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण पलीकडून सासूबाईच बोलल्या, "माही सून अशीच हाये. चांगलं ते दुसऱ्याले देते, सोताले काही ठेवत नाई."

बाया माझ्याकडे मानाने पाहू लागल्या. त्या दिवशी माझ्या मोरपंखीवर कोणी हसलं नाही. माझं तोंड उघडंच होतं, म्हणून मी वाढणाऱ्या बाईला म्हटलं, भात थोडाच वाढा.