सव्वा वाजताचे कॉल आणि सहा पोर्टचे चार्जर

बुधवारी दुपारी सव्वा वाजता वनिताच्या फोनवरून पुंडलिकभाऊंना कॉल गेला. तिकडून कोणीतरी उचलला. चाळीस सेकंद चालला. वनिता त्या वेळी लाइनवर होती, हातात ग्लोव्हज, समोर संत्री, दोन्ही बाजूंना बायका. तिचा फोन बाहेरच्या खोलीत, कुलपात होता. आणि पुंडलिकभाऊंना जाऊन सव्वा महिना झाला होता.

शिफ्ट सुटल्यावर ती थेट माझ्या टेबलाशी आली आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, पाहा न. म्या लावलाच नाही."

मी लिस्ट खाली सरकवली. सोमवारी सव्वा वाजता एक. रविवारी दोन. त्याआधीही अधूनमधून एखादा. सगळे पुंडलिकभाऊंना, सगळे उचललेले.

काटोलजवळच्या संत्र्याच्या पॅकिंग प्लांटमध्ये मी बारा वर्षं अॅडमिन आणि पर्चेस बघते. म्हणजे खिळ्यापासून खोक्यापर्यंत जे काही विकत येतं ते माझ्या सहीने येतं. आमच्याकडे फळ धुतात, त्यावर मेणाचा हात फिरतो, आकारानुसार वेगळं होतं आणि खोक्यात जातं. खाण्याचा माल असल्यामुळे लाइनवर फोन न्यायचा नाही. सगळे फोन बाहेरच्या रॅकरूममध्ये, भिंतीवरच्या कप्प्यांत, चार्जिंगला लावून ठेवायचे. मंगळवारची सुट्टी सोडली तर रोज अठ्ठेचाळीस फोन तिथे रांगेत उभे असतात.

फोनला लॉक ठेवायचा नाही, हा तिथला नियम. घरून फोन आला, मूल पडलं, सासूला दवाखान्यात न्यायचंय, तर गेटवरच्या टाइमकीपरने खोली उघडून कॉल घ्यायचा आणि आत निरोप द्यायचा. नियम पुंडलिकभाऊंचा. ते आमचे शिफ्ट सुपरवायझर, खाप्याहून रोज येणारे. त्यांनी आणखी एक केलं होतं. बस चुकली, रस्त्यात अडकलं तर कोणाला नंबर शोधत बसावं लागू नये म्हणून प्रत्येकीच्या स्क्रीनवर, खाली डाव्या कोपऱ्यात, त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या नंबराचा शॉर्टकट लावून दिला होता. गोल चौकटीत त्यांचा फोटो, पांढरी टोपी घातलेला. एकदा बोट लावलं की कॉल.

झोपेतच गेले ते, घरी, हार्टने. आम्ही सगळे मातीला जाऊन आलो. पण तो गोल फोटो कोणी काढला नाही. काढायचा कोणी आणि कसा, मलाही सुचलं नाही. माझ्याही फोनवर तो आहे.

पहिला संशय मला टाइमकीपरचा आला. पण सव्वा वाजता तो माझ्यासमोर हजेरीचा कागद घेऊन उभा होता, आणि खोलीची चावी त्याच्याच कमरेला. गुरुवारी तीन फोनांवरून कॉल गेले. शुक्रवारी पाच. मग बायकांनी फोन रॅकमध्ये ठेवणंच बंद केलं. लाइनवर फोन ब्लाउजमध्ये लपवायला लागल्या. कोणी म्हणालं, भाऊंचं काही राहिलं असेल. कोणी म्हणालं, खोलीत नारळ फोडा. दोघींनी घरी बसते म्हणून कळवलं, ऐन सीझनमध्ये.

बोकडे साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरने, मला बोलावलं. माल घेणाऱ्या पार्टीची माणसं पुढच्या आठवड्यात स्वच्छता तपासायला येणार होती. धुण्याच्या टाकीत एक जरी फोन सापडला तर ऑर्डर गेली समजा.

"बायांच्या डोक्यात भूत घुसलं आहे, ते काढा," ते म्हणाले.

"साहेब, भूत असो की नसो, कॉल जाताहेत. मी लिस्ट पाहिली आहे."

"मग उईकेला घेऊन बसा तिथं."

उईके आमचा इलेक्ट्रिशियन. कमी बोलणारा आणि कशालाच न घाबरणारा माणूस. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी वनितासकट सहा जणींना हातापाया पडून फोन ठेवायला लावले. मग उईकेला आणि मला आत ठेवून टाइमकीपरने बाहेरून कुलूप लावलं. हे मीच सांगितलं होतं. लावल्यावर वाटलं, सांगायला नको होतं.

खोलीला खिडकी नाही. भिंतीपलीकडे धुण्याची लाइन. सुट्टीत ती बंद असते, म्हणून आत एवढं शांत होतं की उईकेच्या नाकातून येणारा श्वास ऐकू येत होता. कप्प्यांत सहा काळे स्क्रीन.

सव्वाचा भोंगा झाला. पलीकडे मोटारी एकदम सुरू झाल्या, भिंत थरथरली. आणि कप्प्यांतले फोन पेटायला लागले. एक पेटला, विझला. दुसरा पेटला. सहा कोपऱ्यांत सहा टोप्या. वनिताच्या फोनवर स्क्रीन आपोआप सरकला. कॅल्क्युलेटर उघडलं, त्यात सात सात सात सात असे आकडे उमटले, बंद झालं. कोणीतरी घाईत काहीतरी शोधतंय असं ते दिसत होतं. बारा वर्षांत मी त्या खोलीत इतकी कधी घाबरले नव्हते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग डाव्या कोपऱ्यातला फोटो दाबला गेला. कॉल लागला. स्क्रीनवरची अदृश्य बोटं तिथेच फिरत होती, त्यात स्पीकर चालू झाला. दोन रिंगमध्ये तिकडून उचलला.

"जेवली न मी," बाईचा आवाज आला. "तुमचं झालं का?"

उईके माझ्याकडे बघायला लागला.

"बोलत नाही तं नका बोलू. मशीनचा आवाज आयकू येऊन राहिला. तेवढा राहू द्या."

उईकेने हात लांबवून भिंतीवरचं बटण बंद केलं. फोन शांत झाले. वनिताच्या फोनवरचा कॉल मात्र चालूच होता. तो मी माझ्या बोटाने कापला. त्याची टोचणी मला अजून आहे.

उईकेने बटण पुन्हा चालू केलं. थोड्या वेळात फोन पुन्हा पेटले. बंद केलं, थांबले. तीनदा केलं. मग त्याने भिंतीवरचा चार्जर उपसला आणि म्हणाला, "मॅडम, हे कोणी आणलं?"

मी आणलं होतं. पुंडलिकभाऊ गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी. आधी रॅकरूममध्ये प्रत्येकीचा वेगळा चार्जर, एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडलेलं, आणि एकदा प्लास्टिक जळाल्याचा वास आला होता. म्हणून भिंतीत थेट बसणारे, सहा पोर्टचे, म्हणजे एकाच वेळी सहा केबल लागतील असे आठ चार्जर घ्यायचं मी ठरवलं. ब्रँडेड आणि साधे यांत फरक फार होता. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण निवड माझी होती. मी वस्तू हातात तोलून घेते. जड ती चांगली, हलकी ती फसवी, हा माझा हिशोब, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही होतं. हा चार्जर हातात चांगला भारी लागला. खोक्यावर सरकारी मार्क होता. मार्काखाली नोंदणीचा नंबर असतो तो नव्हता, पण तो बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

उईकेने स्क्रू ड्रायव्हर लावून कवच उघडलं. आत बोटभर सर्किट. बाकी जागेत गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. वजनासाठी. बारा वर्षं पर्चेस करणाऱ्या बाईसाठीच तो तिथे ठेवला होता असं मला वाटलं.

उईकेने सांगितलं ते माझ्या भाषेत असं. भिंतीतली वीज ओबडधोबड असते. ती गाळून, सपाट करून फोनला द्यायचं काम चार्जरचं. गाळायचा भाग महाग असतो, म्हणून या चार्जरमध्ये तो ठेवलाच नव्हता. फोनची काच बोट ओळखते ती विजेच्या बारीक फरकावरून. गढूळ वीज आली की तिला वाटतं, बोट लागलं. मोबाइल दुरुस्तीवाले याला घोस्ट टच म्हणतात. चार्जिंग तुटत-जुळत राहिलं की स्क्रीन आपोआप पेटतो. सव्वा वाजता मोटारी एकदम सुरू होतात तेव्हा वीज सर्वांत गढूळ, म्हणून सव्वा वाजता. फोनला लॉक नाही, आणि प्रत्येक स्क्रीनवर एकाच कोपऱ्यात एकच नंबर. भूत तयार करायला जे जे लागतं ते आम्हीच तिथे मांडून ठेवलं होतं.

"पण हे सोडा," उईके म्हणाला आणि सर्किटवर नख ठेवलं. इकडून भिंतीची वीज, तिकडून फोनची. मधे तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा जागा नव्हती. "हे एक दिवस जुळन. बाया ओल्या हातानं फोन घेतात."

तेव्हा मला आठवलं, वनिता एकदा म्हणाली होती की फोन धरला की बोटांत झिणझिण्या येतात. मी तिला म्हटलं होतं, थंडीमुळे येत असतील.

बोकडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

"मग सोपं आहे. फोटो काढून टाका फोनांवरून. कॉल बंद. चार्जर सीझन झाला की बदलू."

"साहेब, कॉल थांबतील. शॉक थांबणार नाही."

"आतापर्यंत लागला का कोणाला?"

खोटं कशाला सांगू, मनात एकदा आलं होतं की आठवडाभर चालवून घ्यावं. चूक लेखी द्यायची म्हणजे बारा वर्षांचं नाव पाण्यात. पण ओले हात डोळ्यांसमोरून हलेनात. मी खुर्चीवर बसूनच कागद लिहिला: चार्जर सदोष, खरेदी माझी, तपासणी माझ्याकडून राहिली. सही करून त्यांच्यापुढे ठेवला आणि आठही चार्जर संध्याकाळच्या आत भिंतीतून काढून हातोडीने फोडले, म्हणजे कोणी घरी नेऊन वापरायला नको. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. फोडलेल्या चार्जरमधले लोखंडाचे तुकडे बायकांनी हातात घेऊन पाहिले, आणि सोमवारी सगळे फोन रॅकमध्ये परत आले.

राहिलं खापा, जिथे ते कॉल उचलले जात होते.

मंगळवारी सुट्टी होती. मी बसने गेले. कुसुमताईंनी, पुंडलिकभाऊंच्या बायकोने, दार उघडलं, चहा ठेवला. मुलगी सासरी, घरात त्या एकट्या. भाऊंचा फोन स्टुलावर, त्यांच्या फोटोखाली, चार्जिंगला लावलेला. एक वाजला तसं त्यांनी मला विचारून ताट घेतलं आणि जेवून घेतलं. "एक वाजता जेवणंच लागते," त्या म्हणाल्या. भाऊ रोज सव्वाच्या भोंग्याच्या आधी रॅकरूमशी उभे राहून घरी फोन करत, जेवली का म्हणून विचारत. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मुलगी चार दिवस ये म्हणते, पण त्या जात नव्हत्या. फोन इथे येतो, म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. चार्जर, गढूळ वीज, कोपऱ्यातला फोटो. शनिवारी तो कॉल मी कापला, हेही सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते गेले हे मले समजते, मॅडम. मीच उठवाले गेली होती सकाळी. फोन यायचा तं वनिताचं नाव दिसे, कधी दुसरीचं. म्या म्हटलं, ह्यायचा फोन तं घरीच राहून गेला, मंग दुसऱ्याच्याच फोनावरून करतील न."

मला रडू आलं. आवरलं नाही.

"काढलं ते चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "बायायले शॉक लागला असता. ह्यायले तेच आवडलं असतं."

सव्वा वाजला. दोघी स्टुलाकडे बघत होतो. मी चार्जर फोडले होते, शनिवारपासून एकही कॉल गेला नव्हता, आणि तरीही माझा हात खुर्चीवर घट्ट आवळलेला होता. फोन वाजला नाही. दीड झाला.

"नाही येत आता," कुसुमताई उठत म्हणाल्या. "मागच्या मंगळवारी तं आला होता. त्या दिवशी मशीनचा आवाज नव्हता. खोकलले फक्त."

मंगळवारी आमचा प्लांट बंद असतो. मेन स्विच खाली, रॅकचे अठ्ठेचाळीस कप्पे रिकामे. भाऊंचा फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. लिस्ट उघडून तारीख बघायला दोन मिनिटंही लागली नसती. मी चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला.

जाताना दारात त्या म्हणाल्या, "फोन करत जा मॅडम. पण बोलत जा."

आता भोंग्याच्या आधी रोज एक जण खाप्याला फोन लावते. पाळी ठरलेली आहे, माझी शुक्रवारी. जेवली का विचारतो, दोन शब्द बोलतो, भोंगा झाला की ठेवतो. कुसुमताई मध्ये चार दिवस मुलीकडे राहून आल्या. रॅकमध्ये नवीन चार्जर आहेत. हातात हलके लागतात, पण मार्काखाली नंबर आहे, आणि एक नग उईकेने आधी उघडून बघितला आहे.

फोटो काढायला मी सगळ्यांना सांगितलं होतं. कोणी काढला नाही. मीही नाही. चार्जर घेताना वजन बघू नये, आत काय आहे ते बघावं, एवढं मी शिकले. मंगळवारचा कॉल मी बघितला नाही, आणि बघणारही नाही.